‘नाही’ म्हणायचा तास

आमच्या शाळेत यंदा एक नवी शिक्षिका आली, वयाने माझ्या लेकीएवढी. पाऊस जास्त झाला की शाळेला सुट्टी मिळते आणि पाठोपाठ वरून निरोप येतो की वर्ग फोनवर घ्या. परवा तसा निरोप आला तेव्हा ती माझ्याकडे धावत आली. "बाई, पहिलीच्या पोरांना फोनवरून शिकवायचं म्हणजे नक्की करायचं तरी काय?" मी तिला म्हटलं, आधी बस, चहा घे. मग सुचतील तशा गोष्टी सांगत गेले. पोरं कंटाळायच्या आत तास संपव. त्यांच्या हातात काहीतरी असू दे, चिंचोके म्हण, करवंटी म्हण, घरात असेल ते. बोलताना एकेकाला नावाने हाक मार. आणि प्रश्न विचारलास की स्वतः गप्प राहा, आपल्यालाच शांतता सोसत नाही म्हणून आपण उत्तरही देऊन मोकळ्या होतो. ती हे सगळं फोनवर टिपून घेत होती. मग तिने विचारलं, "आणि पोरांना समजलंय की नाही, ते कसं कळणार?"

आता ह्याचं उत्तर टिपून घेण्यासारखं नव्हतं. म्हणून तिला एका मुलीची गोष्ट सांगितली, तीच इथे लिहिते आहे.

करोनाने शाळा बंद होत्या त्या काळातलं ते दुसरं वर्ष. मी चिपळूणजवळ सावर्ड्यात राहते आणि शाळा आतल्या अंगाला, एका वाडीत. त्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग फोनवरच भरला. मुलांनी शाळा पाहिलेली नव्हती आणि मी मुलं पाहिलेली नव्हती. पट लहान, त्यामुळे एका व्हिडिओ कॉलमध्ये अख्खा वर्ग मावायचा. आया शेतावर जायच्या आत, सकाळीच मी कॉल लावायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांदळाच्या डब्याला फोन टेकवलेला, हाताशी छोटा फळा, मागे कुकर लावलेला आणि खिडकीशी सासूबाई भाजी निवडत बसलेल्या, अशी माझी शाळा.

"मी दिसते का सगळ्यांना?"

"हो बाई."

"समजलं का?"

"हो बाई."

पहिले काही दिवस मी खूश होते. इतका गुणी वर्ग आपल्याला कधी मिळाला नव्हता असं घरात सांगूनही झालं. मग हळूहळू मला चैन पडेना. मी आयुष्यभर पहिलीलाच शिकवत आले आहे. पहिलीचं पोर म्हणजे ‘बाई, हा चिमटा काढतो’, ‘बाई, शूला जाऊ?’, ‘बाई, तुमच्या नाकाला खडू लागलाय’. आणि ही पोरं फोनसमोर पाहुण्यांकडे आल्यासारखी बसलेली. काहीही विचारा, हो. एकदा मी मुद्दाम फोनचा आवाज बंद करून बडबडले आणि मग आवाज चालू करून विचारलं, "कळलं?" सगळी म्हणाली, "हो बाई."

माझा स्वभाव चौकस आहे. घरची मंडळी ह्याला वेगळा शब्द वापरतात, तो जाऊ दे. पण एखादी गोष्ट मनात घुसली की ती मला भाजीत मीठ घालू देत नाही. ह्या पोरांच्या तोंडी हा ‘हो’ आला कुठून? कोणी शिकवला? एकाच वाडीतल्या सगळ्यांना एकदम कसा आला?

उत्तर माझ्याच घरात मिळालं. माझा धाकटा दीर मुंबईला असतो. रविवारी त्याचा फोन आला. सासूबाईंचा गुडघा त्या आठवड्यात असा सुजला होता की मोरीपर्यंत जायला त्या माझा खांदा धरत होत्या. आणि फोनवर म्हणतात, "मस्त आहे रे. आत्ताच देवळात जाऊन आले." मी बघतच राहिले. फोन ठेवल्यावर विचारलं, "हे काय? गुडघ्याचं का नाही सांगितलंत?"

"तो तिकडे, मी इकडे," त्या म्हणाल्या. "सांगून काय करणार तो? नुसता जेवायचा नाही रात्री."

मग मला आमच्या भागातले सगळे फोन आठवायला लागले. घराघरातला पुरुष मुंबईला. त्याचा फोन आला की सगळं घर गोळा होतं आणि सगळं घर सांगतं, बरं आहे, जेवलो, पाऊस चांगला आहे. गाय आजारी असली तरी बरं आहे. कौलं गळत असली तरी बरं आहे. पलीकडचाही काही कमी नसतो, तोही बराच असतो. बोलायला लागल्यापासून पोरांनी फोन पाहिला तो असा. फोनवर लांबच्या माणसाला ‘हो’ म्हणायचं असतं, ही त्यांच्या घरची रीत होती. आणि मी तर त्यांच्या दृष्टीने लांबचीच होते, फोनमध्ये राहणारी कोणीतरी बाई. ती बिचारी पोरं माझ्या जिवाला घोर नको म्हणून हो म्हणत होती!

मला इतकं हसू आलं की सासूबाईंना वाटलं मी त्यांच्या गुडघ्याला हसते आहे. पण हसू ओसरल्यावर मला एक मुलगी आठवली.

ही मुलगी माझ्या स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात असायची. दोन वेण्या, लाल रिबिनी, अंगात शाळेचा गणवेश. शाळा पाहिली नव्हती तरी रोज गणवेश. सगळ्यात आधी आणि सगळ्यात खणखणीत ‘हो बाई’ तिचा. पहिल्याच आठवड्यात, तास संपून बाकीचे गेल्यावर, तिच्या आईने मला कॉलवर थांबवून विचारलं होतं, "बाई, हिला गणपतीपर्यंत अक्षरा वाचता येतील ना?" मला घाईचं कारण कळेना. मग तिने सांगितलं. तिचा नवरा मुंबईत एका गोदामात कामाला. तिथेच त्याची बहीण राहते, तिच्याकडे संगणक आहे, नेट आहे. त्याचं म्हणणं, इथे पोरगी फोनवर काय डोंबल शिकणार. गणपतीला येईन तेव्हा तिची अक्षरं बघीन आणि येत नसली तर परत जाताना तिला आत्याकडे घेऊन जाईन.

"ती लहान हाय ओ," आई म्हणाली. "माझ्याशिवाय झोपत नाय. आणि मी तरी कशी ऱ्हाणार?"

मी तेव्हा मोठ्या दिमाखात म्हटलं होतं, "काळजी करू नका, हुशार आहे पोरगी."

आता मला प्रश्न पडला की ती हुशार आहे हे मला कोणी सांगितलं. त्या ‘हो’नेच ना?

दुसऱ्या दिवशी मी पोरांना नवा खेळ सांगितला. बाई मुद्दाम चुकणार. जो मला पकडेल आणि मोठ्याने ‘नाही’ म्हणेल त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. मग मी नारळ हातात घेतला, फोनसमोर धरला आणि म्हटलं, "मुलांनो, हा आंबा. हो ना?"

सगळे गप्प. पोरांच्या चेहऱ्यावर अशी अडचण की विचारू नका. लांबची बाई, तिला कसं सांगायचं की तुझ्या हातात नारळ आहे? मी हूं की चूं न करता थांबले. कुकरने एक शिट्टी दिली. मग एकाला राहवेना. "नाय बाई! नारळ हाय तो!" आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याबरोबर धरण फुटलं. चमचा धरून मी पेन म्हटलं, लसूण धरून कांदा म्हटलं, आणि दर वेळी ‘नाय, नाय’ असा कल्ला झाला. पहिल्यांदाच तो पहिलीचा वर्ग वाटला.

फक्त वरच्या कोपऱ्यातून, त्या कल्ल्यातून, रोजचाच खणखणीत आवाज येत होता. "हो बाई, पेन. हो बाई, कांदा."

मी बाकीच्यांना थांबवलं. नुसतीच बसले, हात रिकामे. आणि तिला विचारलं, "माझ्या हातात काय आहे गो?"

ती हसली. तिचे डोळे माझ्याकडे नव्हते, फोनच्या थोडे वर कुठेतरी होते. ते नेहमीच तिथे असायचे आणि मी त्याला लाजणं समजत होते. "छान हाय बाई," ती म्हणाली.

त्या दुपारी मी मास्क लावून स्कूटर काढली. वाडीत जाईपर्यंत पावसाने धुऊन काढलं. त्यांच्या घराला रेंज फक्त खळ्याच्या एका कोपऱ्यात. तिथे एका खांबाला पारदर्शक पिशवी टांगून त्यात फोन ठेवलेला होता, काच पोरीच्या तोंडाकडे येईल असा. मी फोन हातात घेतला. काच सगळी काळी. एका कडेला हिरवी रेघ तेवढी जिवंत. जूनच्या सुरुवातीलाच तो पायरीच्या चिऱ्यावर पडला होता. बोट सरकवलं की कॉल घेता यायचा, आवाज यायचा, पलीकडच्याला ही दिसायची. हिला काहीच दिसत नव्हतं. एक अक्षर नाही, मी नाही, बापही नाही.

आई शेतातून धावत आली, पाय चिखलाने भरलेले. मी तोंड उघडलं ते रागावायलाच. पण तिने माझ्याआधी बोलायला सुरुवात केली. "मीच तिला सांगितला बाई, बाबा काय विचारील त्याला हो म्हण. फोन फुटला असा कळला तर ते गणपतीपर्यंत पण थांबायचे नाय. तुमच्या पाया पडते, त्यांना सांगू नका."

माझा राग तिथेच विरघळला. ही बाई काही मुलीचं शिक्षण बुडवायला निघालेली नव्हती, मुलगी जवळ राहावी म्हणून धडपडत होती. पण तिची युक्तीच तिला बुडवणार होती, हेही उघड होतं. गणपतीला बाप अक्षरं विचारणार आणि पोरीने अक्षर पाहिलेलंच नाही.

मी पोरीला जवळ घेतलं. मला एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. "तुला काही दिसत नव्हतं, तर रोज एवढा वेळ बसायचीस कशी?"

"आवाज येतो ना," ती म्हणाली. मग माझ्याच घराची माहिती मला सांगायला लागली. तुमच्याकडे कुकर लय शिट्ट्या करतो. एक आजी हाय, ती खोकते आणि मग तुमाला हळूच बोलते. तुमी बांगड्या घालता, फळ्यावर लिवताना वाजतात. मी चाट पडले. ह्या पोरीने माझा सगळा तास कानाने पाहिला होता. बाराखडी तिला घडाघडा येत होती. फक्त ‘म’ म्हणजे कसा दिसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

घरी परतताना मी ठरवलं की ह्या मुलीपुरता फोन हा फक्त कान समजायचा आणि बाकीचं काम हाताला द्यायचं. आंब्याच्या पेट्यांचे पुठ्ठे माळ्यावर पडले होते, ते कापले. त्यावर पेन्सिलने अक्षरं काढली आणि मैद्याची खळ करून बारीक सुंभ त्या रेघांवर चिकटवला. सासूबाई गुडघा पसरून सुंभ कापून देत होत्या. वाळल्यावर डोळे मिटून बोट फिरवलं तर ‘म’ अगदी नीट कळत होता. मला इतकी गंमत वाटली की मी घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटायला लावून अक्षर ओळखायला लावलं.

पुठ्ठे तिच्या घरी पोचवले. आता तासाला मी म्हणायची, "वरून खाली या, डावीकडे वळा, गाठ मारा," आणि ती बोट फिरवायची. तिचा आनंद बघून बाकीच्यांनी हट्ट धरला, मग त्यांनाही करून दिले. त्यातून मला एक शोध लागला. नुसती स्क्रीनकडे बघणारी पोरं अक्षर विसरत होती आणि बोटाने फिरवणारी विसरत नव्हती. तेव्हापासून पाठ फोनवर असो की वर्गात, माझ्या पहिलीच्या पोरांचे हात रिकामे नसतात.

दुसरं म्हणजे ‘समजलं का’ हा प्रश्न मी टाकूनच दिला. त्याऐवजी म्हणायची, "काढून दाखव", "बोट फिरवून दाखव". आणि नाहीचा खेळ वाढवला. ‘बाई, ऐकू येत नाही’, ‘बाई, दिसत नाही’, ‘बाई, मला नाही कळलं’, असं जो म्हणेल त्यालाही टाळ्या. आधी पोरं टाळ्यांसाठी म्हणायची, मग खरंच म्हणायला लागली. ती मुलगी मात्र ‘नाय’ म्हणताना अजूनही घुटमळायची. म्हणायची, पण आधी आईच्या दिशेने मान वळवून.

तिच्या बापाला मी काही कळवलं नाही. फोन दुरुस्त करायला चिपळूणला जायचं आईच्या मनात होतं, पण लावणी सोडून जाणार कशी, आणि कोणाबरोबर फोन पाठवला तर पोरीचे तास बुडणार. अक्षरं मात्र पुढे सरकत होती. आता माझं लक्ष गणपतीकडे लागलं होतं.

बाप गणपतीपर्यंत थांबला नाही. गणपती जवळ आले असताना त्याचा मला फोन आला. आवाज अगदी अदबीचा. "बाई, एक दिवस मला पण वर्गात घ्या. पोरगी कशी शिकते ते बघतो. म्हणजे आत्याकडे न्यायची का नाय ते ठरवायला बरा."

नाही म्हणायला मला कारण नव्हतं. आईला कळवलं तर ती पलीकडे नुसती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो आला. एक नवा चौकोन, त्यात अंधारी खोली, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि तेल लावून भांग पाडलेला एक माणूस, पोरांसारखाच ताठ बसलेला. चित्र अडखळत होतं. मी नेहमीसारखा तास सुरू केला. ‘न’ काढा म्हटलं. सगळ्यांनी पुठ्ठे शोधले. तिने मांडीवरच्या गठ्ठ्यातून बोटांनी चाचपत ‘न’ काढला आणि वर धरला. ‘म’ काढला. ‘घ’ काढला. मी ‘घर’ म्हटलं, तिने दोन पुठ्ठे शेजारी शेजारी धरले. बाप म्हणाला, "वा!" आणि मग न राहवून, मध्येच, जसं रोज फोनवर विचारत असेल तसं विचारलं, "मी दिसतो ना गो तुला?"

"हो बा..." ती म्हणाली आणि थांबली.

मान आईकडे वळली. तिच्या चौकोनाच्या कडेला, शेतातून तासापुरत्या आलेल्या आईच्या पदराचं टोक दिसत होतं, ते हललं नाही. मी गप्प राहिले. नव्या शिक्षिकेला मी सांगते ना, प्रश्न विचारला की गप्प राहा. माझ्या जन्मात इतकं गप्प राहणं मला कधी जड गेलं नव्हतं.

"नाय," ती म्हणाली. "बाबा, तुमी मना दिसत नाय. फोन पडला तेव्हापासून काय पण दिसत नाय."

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. खेळाचा नियमच होता तो. सगळ्या चौकोनांत छोटे छोटे हात, आणि मध्ये तो माणूस, काय झालं ते न कळलेला.

"मंग तो फ्रॉकचा फोटो?" त्याने विचारलं. "आवडला म्हणालीस ना?"

"नाय दिसला."

तो काही बोलला नाही. तिला वाटलं असावं की बाबा गेले, कारण तिला शांतता म्हणजे रिकामी जागा. तिने घाईघाईने गठ्ठ्यात हात घातला, एक पुठ्ठा काढला आणि फोनच्या दिशेने, अंदाजाने, उंच धरला. "बाबा, ह्यो ‘ब’. तुमचा. दिसला?"

"हो गो. दिसला."

"खरा दिसला," तिने विचारलं, "का नुसता हो म्हणताव?"

त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. त्याचं नाक आणि कपाळ एवढंच आम्हाला दिसत होतं. "नाय गो," तो म्हणाला. "हितं रेंज नाय खोलीत. मना तर तू कधीच नीट दिसत नाय. नुसता धुरकट दिसता."

पोरांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, ह्या वेळी जरा जास्तच, कारण मोठ्या माणसाने फोनवर नाही म्हटलेलं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं. तो हसला. हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले आणि ते मात्र आम्हाला स्वच्छ दिसलं.

मग तिने विचारलं. मोठ्या माणसांपैकी कोणालाच विचारायचं धाडस झालं नसतं ते तिने, नुकतंच अक्षर विचारलं तितक्या सहज विचारलं.

"मंग मना आत्याकडं नेणार?"

त्याने फोन पुन्हा समोर टेकवला आणि ताठ बसला.

"नाय," तो म्हणाला. "नाय नेणार. मीच येतो तुला बघायला."

पोरांना आत्या माहीत नव्हती, मुंबई माहीत नव्हती, फक्त नियम माहीत होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनात, इतका वेळ जिथे नुसता पदर दिसत होता तिथून, चिखलाने माखलेले दोन हात पुढे आले आणि तेही वाजवायला लागले.